परिशिष्ट ग

डावीकडे दीड इंच समास सोडायचा,
नाहीतर बांधणी अक्षरं गिळते.
हे मी सतरा वर्षं सांगतेय
ब्लँटायरच्या या खिडकीतून,
आणि सतरा वर्षं लोक एकच इंच सोडून येतात.

बाकीचं त्यांना पाठ असतं:
तीन वर्षांच्या आत नाही, सहाच्या पुढे नाही,
सांख्यिकीचा पेपर, मग तोंडी परीक्षा,
नैतिकता समितीचं पत्र (मूळ प्रत, झेरॉक्स चालत नाही),
छापून आलेले दोन निबंध, निदान एकात नाव पहिलं,
मार्गदर्शकांच्या तीन सह्या, त्यातला एक कायम परदेशात.
फीची पावती.
मी वाचत नाही. मी मोजते.

टियांजाने कापालामुला पाचव्या वर्षी आली,
प्रबंध चितेंजेत गुंडाळून पाठीवर बांधलेला.
'मिनीबसमध्ये हात मोकळे राहतात,' म्हणाली.
विषय: सरोवरकाठच्या मुलांच्या लघवीतलं रक्त.

लव्हाळ्यात उभी राहून तिने गोगलगाई मोजल्या होत्या,
एका बुटाला भोक.
शाळेमागे बाटल्यांची रांग, दहा ते दोनच्या मधेच,
कारण अंडी तेव्हाच उतरतात.
काठीला टेकवून पोरं उभी करायची,
जितकी उंची तितक्या गोळ्या.
मी काही विचारलं नव्हतं. मी पानं उलटत होते.
समास दीड इंच.
मान वर करून मी तिच्याकडे एकदा पाहिलं.

परिशिष्ट क ठीक. ख ठीक.
ग: संमतीपत्रं आणि घरांच्या नोंदी.
नावं काळ्या पट्टीखाली, अंगठे निळे.
पान तीनशे अकरा.

'घर क्र. ४७. दुहेरी खोडाच्या गोरखचिंचेला लागून.
दाराऐवजी जुनं जाळं. पाणी थेट सरोवराचं.
थोरला मुलगा, मासेमार, मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला. वय एकोणतीस.
आई म्हणते: त्याला लाल व्हायला लागलं तेव्हा आम्ही हसलो,
म्हटलं, पोरगा वयात आला.'

तसली गोरखचिंच आमच्या काठाला एकच आहे.
जाळ्याच्या गाठी माझ्या हातच्या.
हसणाऱ्यांत मी होते, ब्वानाली.

पंख्याने पान उलटायला घेतलं, मी बोट ठेवलं.
अंगठा डावा.
उजव्यावर ठसाच उरलेला नाही, मासे चिरून चिरून.
कुणी येऊन विचारून गेलं, हे आईने कळवलं नाही.
फोनवर आम्ही उसिपाच्या भावाबद्दल बोलतो.

कलम नऊ मीच टाइप केलंय:
वाचणाऱ्याला सहभागी व्यक्ती ओळखता येता कामा नये.

'झाड काढा,' मी म्हटलं. 'जाळं काढा.
एकोणतीस नको, पंचवीस ते चौतीस लिहा.'
'मॅडम, चौदा गावं आहेत यात! कोण ओळखणार?'
खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक आहे,
हात जाईल एवढं. चेहरा नाही.
'ओळखता येतं.'

ती गप्प झाली.
प्रश्न कसा विचारायचा हे शिकलेली बाई,
आणि कधी विचारायचा नाही, हेही.
बाकड्यावर बसून तिने पानावर खुणा केल्या.
मग वाकून त्या भोकातून विचारलं,
'आईचं वाक्य?'

कलमात वाक्यांबद्दल काही नाही.
'राहू दे.'

सोमवारी नवं पान आलं.
घर क्र. ४७. पाणी सरोवराचं. आणि ते हसणं.
पानं चारशे बारा, सह्या तीन, पावती एक.
शिक्का मारला.
जुनं पान फाडायचं असतं, तसा नियम आहे.
ते माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्या घालून.

रात्री फोन लावला.
आई म्हणाली, भाव पडलाय, पण मासा बरा येतोय.
मी हं म्हटलं. तीही हं म्हणाली.
बराच वेळ कुणी फोन ठेवला नाही.